पंचेचाळीसचा खटका

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आमच्या सांगलीच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला उंब्रजजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला. दिवाळीनंतर आम्ही उरलेल्या चौघांनी मुंबईला जाऊन त्याच्या चालींची एल.पी. काढली.

त्याच्या चाली वरातीच्या, उड्या मारणाऱ्या. आमच्याने त्या तशा वाजेनात. त्याच्या गिटारला कुणी हात लावला नाही. त्या जागा मी अकॉर्डियनवर भरल्या, सगळ्या संथ. सांगलीत रेडिओच्या दुकानात गठ्ठा पडून राहिला. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगे, "चांगली हाय, पण रडकी हाय."

त्याचे फारसे वाटले नाही. मलकापूरला त्याच्या आईला ऐकवली तेव्हा वाटले. पहिली बाजू संपायच्या आत त्या उठल्या.

"हे कुणाचं?"

"त्याचंच की, काकी."

"न्हाई. माझं पोरगं असं रडत कवा वाजवायचं?"

त्या हो म्हणेपर्यंत कार्यक्रमात त्यातले काही वाजवायचे नाही, असे आम्ही ठरवले.

घरात मयत झाले की लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षे थांबतात. त्यामुळे त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न माघातच लागले. आईने बँड नको म्हणून सांगितले होते. मांडवात फक्त लाऊडस्पीकर होता. पंगत बसली तेव्हा नवरीने आमची एल.पी. स्पीकरवाल्याकडे पाठवली.

एल.पी. तेहतीसच्या वेगावर लावतात, बारक्या फिल्मी तबकड्या पंचेचाळीसच्या. कर्ण्यातून अकॉर्डियन चिरक्या आवाजात धावत सुटला. आमचा ड्रमवाला ताटावरून उठला.

"आरं, स्पीड! खटका तेहतीसवर घे गड्या!"

"सकाळधरनं फिल्मीच लावतुया, ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

तो खटक्याकडे हात नेतो तोच आई कोठीतून बाहेर आल्या.

"हात लावशील तर बघ! त्योच हाय ह्यो. असाच वाजवायचा."

वाढपी जागच्या जागी थांबले. नवऱ्याकडची पोरे उठून उभी राहिली. त्यातल्या एकाने विचारले, "आवं काकी, नाचलं तर चालंल का?"

"मग काय बसून ऐकतूस व्हय रं? लगीन हाय!"

पोरे नाचली. दुसरी पंगत उशिरा बसली.

पुढच्या गणपतीत आम्ही त्या सगळ्या चाली त्याच वेगाने वाजवल्या. गिटार ड्रमवाल्याच्या भावाने वाजवली. सांगलीत दर चालीला वन्समोअर मिळाला. दुकानातला गठ्ठा संपला. शेवटच्या तबकड्यांच्या पाकिटांवर दुकानदाराने पेनने लिहिले होते : 'पंचेचाळीसवर लावणे.'