भावजींचं जुनं पाणी

मागच्या खोलीची फरशी अर्धी पुसून झाली होती, तेवढ्यात भावजी दारात उभे राहिले. दोन्ही हातांत झाकणाच्या बादल्या आणि मागे माशांची रिकामी काचपेटी छातीशी धरलेला हमाल.

"बाकीचं सामान कुठंय?" वहिनींनी विचारलं.

"आधी मासे. त्यांना मानवलं तर मी राहायला येईन. नाहीतर माझी खोली बरी."

भावजी शिंपी. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण स्वतःच्या सदऱ्याचं बटण कधी धड नसे. बायको गेल्यावर बोलायला उरले ते दोन सोनमासे. हल्ली नजर अधू झाली, जिन्यावर पडलेही. थोरल्या भावाने हात जोडले तेव्हा कुठे स्वारी हलली.

पाण्यासकट उचलली तर पेटी तडकते, म्हणून जुनं पाणी बादल्यांतून आणलं होतं. भावजी पेटीखाली कापडाच्या घड्या घालून डुगडुग काढत होते. इकडे वहिनींनी एका बादलीचं झाकण उघडलं. मासे दुसरीत होते. हिच्यात नुसतं पिवळट, शेवाळाच्या वासाचं पाणी. ही घाण घरात? त्यांनी ती सरळ मोरीत ओतली.

"वहिनी, ते त्यांचं राहतं पाणी होतं हो."

आवाज चढला नाही, तेच वहिनींना लागलं.

"नळाचं काय वाईट? आम्ही पितोच की!"

"तुम्हाला चालतं. त्यातलं औषध ह्यांना सोसत नाही."

उरलेलं पाणी जेमतेम अर्ध्या पेटीला पुरलं. पाणी गाळायच्या यंत्रातला लिबलिबीत स्पंज न धुता आत गेला; वहिनी हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मासे तळाशी बसले ते बसलेच. भावजींनी पेटीवर टॉवेल टाकला आणि चपला न काढताच स्टुलावर टेकले. वहिनींनी चपलांकडे फक्त पाहिलं. आत जाऊन डोळे मिटले. "देवा, चूक माझी. मुक्या जिवांना शिक्षा नको रे."

"अगं, फरशी अर्धीच राहिली!" नवरा म्हणाला.

"राहू दे. बादली वाजली की दचकतात बिचारे."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

उन्हं उतरताना भावजींनी टॉवेलचं टोक उचललं. मोठा मासा वर येऊन तोंडाचा चंबू करत होता. त्यांनी एक दाणा टाकला. मोठ्या माशाने तोंड उघडलं, पण धाकट्याने मधल्यामधे पळवला.

"खाल्लं!" वहिनीच आधी ओरडल्या.

भावजी उठले. "वहिनी, लक्ष ठेवा ह्यांच्याकडे. मी शिवणयंत्र आणायला हातगाडी बघून येतो."