तीन रिव्हेटं आणि एक स्क्रू

चाकांऐवजी चेनवर चालणारा ट्रॅक्टर ओळखायचा तर नंबराची पाटी शेवटी बघावी, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही. आधी चेनखालचे रोलर मोजा, मग मागच्या गिअरपेटीवरचं ग्रीस खरवडून तिथे ठोकलेला नंबर वाचा. पाटी काय, चार रिव्हेटं काढली की कुठेही जाते. पण मोबाईलवर फोटो बघून जाणकार झालेल्यांना ग्रीसमध्ये हात घालायचा कंटाळा असतो.

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून जुनी यंत्रं घेणारे लोक मला बोलावतात. मागच्या महिन्यात आमच्याच शहरातल्या अकोट्याहून एक निवृत्त मास्तर आले. रेल्वेत लागण्याआधी मी कोयलीच्या बाजूला एका मातीकामाच्या ठेकेदाराकडे फिटर होतो, तेव्हा या मास्तरांचे वडील तिथे चेनचा ट्रॅक्टर चालवायचे. त्यांच्या वहीतला नंबर घेऊन मास्तरांनी सहा वर्षं भंगारवाले पालथे घातले होते, आणि आता ट्रॅक्टर सापडला होता.

"काका, दलदलीसाठीचं मॉडेल आहे, फार थोडी बनली. अण्णांचाच आहे, नंबर जुळतो. तुम्ही एकदा बघून सांगा ने, म्हणजे मनाला शांती."

घरामागच्या शेडखाली ट्रॅक्टर उभा होता. मास्तरांनी त्याला पिवळा रंग दिला होता आणि पाटी चिंचेने घासून लख्ख केली होती. पाटीला तीन रिव्हेटं आणि चौथ्या कोपऱ्यात एक स्क्रू. तो स्क्रू मीच मारलेला. तरीही मी खाली वाकलो, ग्रीस खरवडलं आणि पेटीवरचा नंबर वाचला. साधा ट्रॅक्टर होता, असे शेकड्यांनी आले होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

गप्प बसता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मास्तर खूश राहिले असते. पण मी खोटं सांगितलं तर उद्या दुसरा कोणी ग्रीस खरवडेल, हेही खरं होतं.

म्हणून मी सांगून टाकलं. अण्णा आधी चालवायचे त्या खऱ्या दलदलीवाल्याचा इंजिन ब्लॉक तडकला होता. ते मॉडेल दुर्मीळ असल्याचं आम्हाला ठाऊक होतं, पण दुर्मीळ याचा आमच्या लेखी अर्थ एवढाच की सुटे भाग मिळत नाहीत. तो गॅसने कापायचं ठरलं. कापला मी. आज त्याची लाज वाटते, तेव्हा दोन दिवसांत काम उरकलं म्हणून मी खूश होतो. त्याची पाटी काढून ड्रायव्हर नसलेल्या या साध्यावर लावली.

मास्तरांनी पाटीवरच्या स्क्रूवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अण्णांना माहीत होतं?"

"पाटी त्यांनीच धरली होती. त्यांनीच लावायला सांगितली." ठेकेदाराच्या रजिस्टरात ड्रायव्हरचं नाव ट्रॅक्टरच्या नंबरापुढे लिहिलेलं असे. नंबर गेला की ड्रायव्हरही घरी. साइटवरचे सगळेच अशा वेळी पाट्या फिरवायचे आणि मुकादम डोळेझाक करायचा. "पुढची काही वर्षं त्यांनी हाच ट्रॅक्टर चालवला. तेवढा तो तुमच्या अण्णांचाच."

त्यांना हे पुरेसं वाटलं की नाही, मला कळेना. ते चेनवर बसले, नव्या रंगाचा पिवळा डाग पायजम्याला लागला तरी उठले नाहीत.

"आणखी काही म्हणाले होते?"

म्हणाले होते. इतक्या वर्षांत मला ते आठवायचं कारण नव्हतं, पण विचारल्यावर आठवलं. "मी स्क्रू पिळत होतो, तेव्हा म्हणाले, मुलगा मॅट्रिकला आहे, एवढं वर्ष निघू दे."

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले.

"त्या वर्षी मी नापास झालो होतो, काका," ते म्हणाले. "अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत."