उपरण्याबाहेरचा सौदा

२८ ऑक्टोबर २००१, रविवार. पाकिस्तानातील बहावलपूर येथे चर्चमध्ये उपासनेला जमलेल्या ख्रिस्ती मंडळींवर बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. पंधराहून अधिक माणसे मेली. एवढे वर्तमानपत्रात आहे. त्या गोळीबाराची झळ जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या बैलबाजारापर्यंत कशी पोचली, हे मात्र कुठे छापलेले नाही. ते माणसांच्या तोंडी आहे, आणि तोंडे एकसारखे बोलत नाहीत.

शमुवेल साळवे निमगाव साव्याचा, बैलांचा दलाल. त्याचे वडील याच बाजारात दुसऱ्यांच्या जनावरांची दावी धरून उभे राहत. घराण्याने धर्म बदलला होता, पण बाजाराने त्यांची जात लक्षात ठेवली होती. बैलाचा भाव इथे तोंडाने बोलत नसत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा दलाल उपरण्याखाली हात घालत, एकमेकांची बोटे दाबत, आणि आकडा त्या दोघांपुरता राही. साळव्यांच्या पोराचा हात उपरण्याखाली घ्यायला कोणी तयार नव्हते. तो पहिल्यांदा घेतला बाबालाल मोमीन या दलालाने. कोणी हे १९९१ चे सांगतो, कोणी त्यानंतरचे. बाबालाल तेव्हा काय म्हणाला, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे: "बोटं दाबायचीत रं, सोयरीक न्हाई करायची. आन हात."

त्या दिवसापासून शमुवेल दलाल झाला.

बहावलपूरनंतरच्या रविवारी निरगुडसरला, जिथे आसपासच्या ख्रिस्ती घरांची प्रार्थना भरे, पुण्याहून एक तरुण उपदेशक आला. मेलेल्यांसाठी प्रार्थना झाली. शमुवेल रडला. त्यानंतर उपदेशक म्हणाला, यापुढे मुसलमानांशी देणेघेणे ठेवू नका, त्यांचा हात धरू नका. बऱ्याच माना हलल्या. शमुवेलची हलली नाही. बाहेर चपला घालताना त्याचा भाचा रवींद्र म्हणाला, "मामा, उद्या बाजार हाये. समदे बघत्याल."

"बघूंद्या की. बाजार बघायसाठीच अस्तोय."

"बाबालाल उपरण्याखाली तुमाला फसवतोय म्हंत्यात. आत काय शिजतंय ते कुणाला दिसतंय?"

हे वाक्य शमुवेलला लागले. त्या रात्री तो जेवला नाही, असे त्याची बायको मार्था सांगते.

दुसऱ्या बाजूलाही तेच शिजत होते. त्याच ऑक्टोबरात अफगाणिस्तानावर अमेरिकेचे बॉम्ब पडू लागले होते. सोमवारी बाजारात बाबालालला मोटारसायकलवर बसलेल्या पोरांनी घेरले.

"चाचा, त्या किरिस्तावाचा हात धरताय? त्यांचीच इमानं बाँब टाकत्यात."

"कोण, शमू?" बाबालाल म्हणाला. "त्याला लूना चालवाया येत न्हाई राव, इमान कुठनं चालवंल?"

पोरे हसली, पण हलली नाहीत. पलीकडे रवींद्र दोघा-तिघांना घेऊन उभा होता. मध्ये निरगुडसरच्या सोपानभाऊंचा खिलारी बैल. विकणाऱ्याकडून शमुवेल, घेणाऱ्याकडून बाबालाल. बाबालालने सवयीने खांद्यावरचे उपरणे पुढे केले.

शमुवेलने ते घेतले, घडी घातली आणि बैलाच्या पाठीवर ठेवले.

"आज झाकायचं न्हाई, बाबालालभाई."

"येड लागलं का? भाव फुटंल."

"फुटूं दे."

त्याने भर बाजारात बाबालालचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि वर केला, सगळ्यांना दिसेल इतका. "रवींद्रा, जवळ ये. बोटं मोज. आन् तुमीबी या रं, गाडीवरनं उतरा. कोण कुणाला फसवतंय ते बघून घ्या."

"मामा, शोभा करू नका."

"शोभा काल झाली. तितं मेलेल्यांसाठी मी रडलो, ते आमचेच व्हते. पर ह्या हातानं कुणाला मारलंय का? ह्या हातानं मला धरलं, तवा तुमच्यातलं कुणी धराया आलं न्हाई. मी ह्यो सोडनार न्हाई. उद्या न्हाई, परवा न्हाई."

बाबालालने बोटे दाबली. उघड्यावर, मुद्दाम सावकाश. आकडा सगळ्यांना कळला. कडेला उभा असलेला एक व्यापारी याहून जास्त द्यायच्या तयारीत होता. बैलाला एवढाच भाव लागतो हे कळताच तो वाढवून न बोलता हसून निघून गेला, आणि सौदा त्याच आकड्यावर झाला. सोपानभाऊ भडकले. "तुमच्या धरमाच्या भांडणात माझा बैल का रं नागवला?"

शमुवेलने त्या सौद्याची दलाली घेतली नाही. मात्र पुढच्या सोमवारी पुन्हा उघड्या हाताने बाबालालशी सौदा केला, आणि त्याच्या पुढच्याही. बाकीच्या दलालांशी तो रीतीप्रमाणे उपरण्याखाली हात घाली. बाबालालशी कधीच नाही. बाबालाल कुरकुर करी, "आरं, पुरं झालं आता, समद्यांनी बघितलं." शमुवेल म्हणे, "नवी मान्सं येत्यात ना बाजारात." शमुवेलने माफी मागावी, असे निरगुडसरच्या मंडळीने सांगितले. त्याने मागितली नाही, आणि प्रार्थनेला जाणेही सोडले नाही. मागच्या सतरंजीवर एकटा बसे आणि सर्वांत मोठ्याने गाई. बाबालालच्या आळीतली ती मोटारसायकलवाली पोरे शमुवेलला 'इमानवाला' म्हणू लागली. तो ओ देई.

धंदा मात्र उतरत गेला. भाव उघडा करणाऱ्याकडे जनावर द्यायला शेतकरी कचरू लागले. २००६ च्या सुमारास शमुवेलने दलाली थांबवली. बाबालालने त्याआधी की नंतर, याबद्दल दोन्ही घरांतून वेगवेगळे सांगितले जाते.

शमुवेलचे गिऱ्हाईक द्वेषाने तोडले की फुटलेल्या भावाने, हे ठरवता येत नाही. सोपानभाऊंना विचारले तर ते दुसरे कारण सांगतात, मार्था पहिले. बाबालाल फसवतो ही वावडी प्रथम कोणी उठवली, ते कळलेले नाही. रवींद्रने त्या दिवशी बोटे मोजली का, हेही नाही. तो म्हणतो, मोजली नाहीत. बाजारात उभे असलेले दोघे म्हणतात, मोजली.