येऊ दे वावधन

ओट्याच्या कडेला उभी राहून समोरची मावशी पदराचं टोक चिमटीत धरायची आणि ते कसं फडफडतं ते बघायची. कुणी तिच्याशी वाकडं वागलं, तर भांडण नाही, रडणं नाही. तेच टोक वर धरायचं आणि म्हणायचं, "येऊ दे वावधन. मंग पाह्यते."

वावधन म्हणजे आमच्याकडचं उन्हाळी वादळ. आर्वीच्या अंगानं आभाळ तांबूस होतं, झाडाचं पान हलेनासं होतं, आणि मग बघता बघता घरावरची टिनं उडून रुळांपलीकडे जाऊन पडतात. सिंदीच्या आमच्या गल्लीत त्याची खबर सगळ्यात आधी समोरच्या मावशीला लागायची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, आठवून पाहा.

वैशाखात दारोदारी खाटांवर वाळवण पसरलेलं असायचं. मावशी ओट्यावरून एकेका सुनेला तिच्या माहेराच्या गावानं हाक मारायची.

"आर्वीवाली, पापड उचल वं! हिंगणघाटवाली, गाद्या आत घे! पुलगाववाली, मेली का झोपली वं?"

आणि मी वर्धेवाली.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. चाळिशीला टेकले होते, पण जीभ अजून पोरीबाळींसारखी. गल्लीत पहिला कूलर आमच्याकडे आला, म्हणून नाक असं वर, की चालताना समोरचं शेण दिसायचं नाही. सासूबाईंनी रुखवताच्या कुरड्या पहिल्यांदाच माझ्यावर सोपवल्या होत्या. गहू भिजवून, चीक शिजवून, सोऱ्या दाबून दाबून दंड भरून आले होते. मावशी आली, एक कुरडई उचलून उन्हात धरली आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वर्धेवाली, कुरड्या हायेत का सुतळ्या?"

मी कसली ऐकते! "मावशी, तोंडात दात तं एक नाई. कुरड्या काय नाकानं खाता?"

सगळ्या बाया खो खो हसल्या. मावशीनं पदर तोंडावर घेतला. मग त्याचंच टोक वर धरलं. "येऊ दे वावधन."

आठवडाभरात आलं. भर दुपारी मी कूलरपुढे पाय पसरून घोरत होते. त्या घरघरीत आर्वीवालीला मारलेली हाक ऐकू आली नाही, हिंगणघाटवालीची नाही. वर्धेवालीची ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. ती मारलीच नव्हती.

जाग आली तेव्हा खाट नालीत उलटी पडली होती. कुरड्या कडुनिंबावर, कुरड्या तारांवर, कुरड्या शेजारच्या बकरीच्या तोंडात. सासूबाई दारात उभ्या. "साऱ्या गल्लीचं वाचलं, आपलंच कसं गेलं?" गल्लीला ठाऊक होतं. सगळ्या बाया आपापले पापड मोजायला लागल्या.

संध्याकाळी मावशी आली, ताटलीत एकच कुरडई घेऊन.

"तुही हाय काय वं? माह्या आंगनात पडली होती. सुतळीवानी दिसली म्हणून वळखली."

लेकीच्या रुखवतात पुलगाववालीनं दिलेल्या कुरड्या मांडल्या. विहीणबाई "छान झाल्यात हो" म्हणत होत्या आणि मी हसत हसत दात खात होते. त्याच मांडवात ठरवलं, की एक दिवस वावधन मला आधी कळेल. गल्लीतल्या प्रत्येकीला पुकारीन, आणि मावशीच्या दारापाशी तोंड बंद!

झालं. दर उन्हाळ्यात मी पदर धरून गच्चीवर. नवरा म्हणायचा, "उतर वं, लोक म्हणतात बाईले लागिर झालं." एकदा भल्या सकाळी मी बोंब ठोकली. अख्ख्या गल्लीनं गाद्या, पापड, मुगवड्या आत ओढल्या. दिवसभर कडक ऊन, पानसुद्धा हललं नाही. एकटी मावशी तेवढी आपल्या पापडांची राखण करत ओट्यावर बसून राहिली. "पळा वं, वर्धेवालीचं वावधन आलं!" पुढे कितीतरी दिवस गल्लीत कुणी थाप मारली, की हेच म्हणायचे.

पण शिकले. उशिरा का होईना, शिकले. तोवर नात मांडीवर आली होती आणि मावशीची कंबर वाकली होती. एका दुपारी पदराचं टोक लटकन पडलं आणि मग उलट्या बाजूनं उचललं गेलं. वावधन! समोर मावशीच्या खाटेवर कुरड्या पसरलेल्या, दार लोटलेलं. दर वर्षी रोहण्याला दिलेल्या लेकीसाठी करायची ती.

मी ओट्यावर आले. "आर्वीवाली! हिंगणघाटवाली! पुलगाववाली, उठ वं!" मग समोरच्या दाराकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. काय गोड वाटलं म्हणून सांगू! जिलेबीनंही तसं वाटत नाही.

धूळ बसल्यावर माझ्या अंगणात पडलेली एक कुरडई ताटलीत घातली. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. मावशी ओट्यावरच बसलेली.

"मावशी, तुमची हाय काय? माह्या आंगनात पडली होती."

तिनं ती डोळ्यांजवळ नेली. "माहीच. पन मांगच्या सालची. किडा लागला होता, फेकाचीच होती." आणि बोळक्या तोंडानं हसली. "औंदाच्या सकाळीच आत नेल्या. म्हटलं पाहाव, वर्धेवाली पुकारते का नाई."

मी ताटली धरून उभीच. "मंग माह्या सुडाचं काय?"

"काऊन घाई करून राह्यली? मी मेल्यावर घेजो." आणि सरकून मला बसायला जागा दिली.

गेली ती. वावधनात नाही, साध्या तापानं. रोहण्याची लेक आली, खाट घेऊन गेली, दाराला कुलूप लागलं.

आज दुपारपासून आर्वीच्या अंगानं आभाळ तांबूस झालंय. आत्ताच ओट्यावरून सगळ्यांना पुकारून आले. आता त्यांच्याही सुना आल्यात. देवळीवाली आली, सेलूवाली आली. समोरच्या दारापाशी आले, की तोंड बंद ठेवते. दर खेपेला. मेल्यावर घेजो म्हणाली होती, घेते आहे.

वारा सुटला. समोरचं कुलूप कडीवर आपटायला लागलं, कुणी आतून दार वाजवावं तसं.

वाजव म्हटलं, मावशी. पुकारत नाही जा!