चार बोटं शेपूट

काशीराम परबाला उभ्या जन्मात कुणी खेळाडू म्हटलं नव्हतं. मुलुंडच्या एका जिमखान्यात तो मार्कर होता. मार्कर म्हणजे काय, तर साहेबलोकांनी हिरव्या टेबलावर बॉल ठोकायचे आणि ह्याने पॉइंट पुकारायचे, बोर्डावरचा काटा सरकवायचा. कुणाचा फाऊल झाला की काशीराम खणखणीत आवाजात ओरडायचा, मग समोर डॉक्टर असो नाहीतर मॅजिस्ट्रेट. तिथे भीडमुर्वत नाही. सकाळी मेंबर यायच्या आधी मात्र टेबल त्याचं एकट्याचं. सेक्रेटरी मधुकररावांना हे ठाऊक होतं, पण भला माणूस, बघून न बघितल्यासारखं करायचा.

ह्याआधी अठरा वर्षं काशीराम गिरणीत होता, कोन वाइंडिंगला, म्हणजे सूत कोनावर गुंडाळायच्या खात्यात. सूत नुसतं चिमटीत धरून त्याच्या जाडीचा नंबर सांगायचा. मग संप झाला आणि सगळ्याचीच वाट लागली. त्याला आता चार वर्षं झाली होती, पण काशीराम गिरणीचं नाव काढत नसे. शर्टाचं बटण तुटलं तरी सुईदोरा हातात घेत नसे. वनमाला, त्याची बायको, ती लावून द्यायची आणि वर दोन शब्द ऐकवायची.

तर त्या जूनमध्ये बोरिवलीच्या क्लबाशी स्नूकरचा सामना ठरला आणि जिमखान्याच्या खेळाडूंपैकी एकाला नेमकी कावीळ झाली. मधुकरराव म्हणाले, "काशीराम, रविवारी तू खेळायचंस."

"मी? साहेब, मार्कर कसा खेळणार?"

"तू खेळतोस कसा ते सकाळी खिडकीतून बघितलंय मी. दोन वर्षं बघतोय."

जिमखान्याकडून जो खेळेल त्याचं नाव हॉलमधल्या फळ्यावर खडूने लिहायची पद्धत होती. लिहायचा काशीरामच. चार वर्षं त्याने दुसऱ्यांची नावं वळणदार अक्षरात लिहिली होती. आता त्या फळ्यावर 'का. रा. परब' येणार, ह्या विचाराने स्वारीची झोप उडाली. जिंकून यायला हवं होतं. मार्कराला खेळवला आणि पडला, असं कुणी म्हणायला नको.

अडचण एकच होती. त्याची काठी. एका मेंबरने अमेरिकेहून आणलेली ही पूल नावाच्या खेळाची काठी, म्हणजे क्यू, जुनी झाल्यावर काशीरामला देऊन टाकली होती. तिच्या मुठीवर दोरा गुंडाळलेला होता, तो घामाने कुजून सुटला होता. आणि काशीरामच्या तळहाताला घाम असा की विचारू नका. मूठ बदलायलाच हवी होती. पण कशाने?

झालं! काशीराम राहायचा त्या घाटकोपरच्या भटवाडीत त्या आठवड्यात दुसरा विषय नाही. सोमवारी त्याने सायकलच्या हँडलचं रबर चढवलं. हात चिकटला तो सुटेना. मंगळवारी चांभाराकडून चामडं शिवून घेतलं. ते नव्या वहाणेसारखं कुरकुरायला लागलं, तेही नेम धरताना. बुधवारी दवाखान्यातली चिकटपट्टी. ती बघून जिमखान्यातले एक साहेब म्हणाले, "परब, काठी कुठे पडली रे? फ्रॅक्चर आहे का?"

शेजारचा धोंडू, गिरणीतला जुना सोबती, दारात उभा राहून सगळं बघत होता. "रे काश्या," तो म्हणाला, "काठयेक लुगडा नेसवतंस काय? पोरीक बघूक कोण येतंत?"

"तू गप रे!"

शुक्रवारी संध्याकाळी वनमालाने वटपौर्णिमेच्या पूजेतून उरलेला सुताचा गुंडा त्याच्या पुढ्यात टाकला. "अहो, गावभर फिरलात, चामडं झालं, रबर झालं. अठरा वर्षं जे धरलंत ते सोडून सगळं धरून बघितलंत. गुंडाळा की हे."

"दोरा नको मला."

"का? दोऱ्याने काय केलंय तुमचं? संप काय त्याने केला?"

काशीरामने गुंडा उचलला, एक धागा चिमटीत धरला. "कच्चं आहे," तो पुटपुटला. "तीनपदरी केलं तर..."

"तर करा! वडाला गुंडाळून सात जन्म तुम्हालाच मागितलेत, थोडं त्या काठीलाही गुंडाळा. तुमचा जीव तिच्यातच आहे नाहीतरी."

मांडीवर पीळ देता देता त्याचे हात भराभर चालायला लागले. वेढ्याला वेढा असा चिकटून बसला की मध्ये केसही शिरला नसता. वनमाला भाजी निवडायची सोडून बघत राहिली. चार वर्षांत तिने त्याला असा बसलेला पाहिला नव्हता. तिला एकदम भरून आलं, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायला लागली.

रविवारी काशीराम झकास खेळला. घाम सुताने पिऊन टाकला, मूठ जागची हलली नाही. समोर बोरिवलीचे एक वकील होते, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सामना शेवटाला आला. टेबलावर दोनच बॉल उरले, गुलाबी आणि काळा. काशीराम दोन पॉइंटांनी पुढे होता. गुलाबीचे सहा, काळ्याचे सात; गुलाबी घातला की सामना त्याचा.

गुलाबी लांब होता. काशीराम क्यूच्या टोकाखाली टेकणकाठी लावून टेबलावर ओणवा झाला. आणि आता ऐका. वाइंडिंगवाला कोन संपवताना खाली चार बोटं सूत मोकळं सोडतो, पुढचा कोन त्याला जोडता यावा म्हणून. काशीरामनेही सोडलं होतं, अठरा वर्षांच्या सवयीने, ध्यानात न येता. ते शेपूट मुठीखाली लोंबत होतं आणि नेम धरताना ते बरोबर खाली असलेल्या काळ्या बॉलला अलगद शिवलं.

कुणी पाहिलं नाही. रेफ्री म्हणून उभ्या मधुकररावांनीही नाही.

"फाऊल!" हॉलमध्ये खणखणीत आवाज घुमला. "ब्लॅकला दोरा लागला. समोरच्याला सात पॉइंट!"

ओरडला कोण? काशीरामच! ओरडल्यावर त्याला कळलं की हा फाऊल आपलाच आहे. तोपर्यंत वकीलसाहेब हसत पुढे सरसावले, त्यांनी गुलाबी घातला आणि सामना संपला.

काशीरामने सवयीने बोर्डावरचा काटा स्वतःच सरकवला. मग फळ्यापाशी जाऊन खडू घेतला, पण हात उठेना. मधुकररावांनी त्याच्या हातातून खडू काढून घेतला.

"कुणी बघितलं नव्हतं रे."

"मी बघितलं ना साहेब."

मधुकररावांनी आपल्या गिचमिड अक्षरात 'का. रा. परब' लिहिलं. त्याखाली पुढच्या वर्षाचा आकडा टाकला आणि पुन्हा 'का. रा. परब' लिहिलं.

घरी हकीकत ऐकून वनमालाने कपाळाला हात लावला आणि कात्री आणली. "आधी ते शेपूट कापते मेलं."

"नको गं," काशीराम म्हणाला. "पुढचं जोडायला लागेल."

वनमालाने त्याच्याकडे बघितलं. कात्री बाजूला ठेवली. "मग निदान आत खोचा तरी," ती म्हणाली, आणि तो खोचेपर्यंत काठी धरून बसली.