शेवंतीकाकीचा आंबोलीचा बेत

मासळीबाजाराच्या वळणावर बेळगाव गाडी दिसली की शेवंतीकाकी तिला आडवी उभी राहायची. हात दाखवणं वगैरे भानगड नाही, सरळ रस्त्याच्या मधोमध. हातात कडीचा डबा, पदर कमरेला खोचलेला. ड्रायव्हर शिव्या घालत ब्रेक मारायचा आणि खिडकीतून हात काढून डबा घ्यायचा. नवा ड्रायव्हर असला तर पहिल्या दिवशी भांडण; पुढे तोच लांबून हॉर्न वाजवायला लागायचा. डबा जायचा आंबोलीला, तिच्या मुलाला, दिनूला. ड्रायव्हर तो तिथल्या चहावाल्याकडे ठेवायचा, दिनू येऊन घेऊन जायचा आणि रिकामा डबा परतीच्या गाडीने मालवणात यायचा. रिकामा डबा हातात आला की काकी तो हलवून बघायची आणि म्हणायची, "जेवलो माझो झील."

माझं घर तिच्या घराला लागून. मी शाळेत शिकवत होते, ती बाजारात मासळी विकत होती आणि आमच्या दोघींच्यात एकच कुंपण होतं, तेही निम्मं मोडलेलं. तिचा नवरा होडीवर गेला तो परत आला नाही. होडी मिळाली, माणूस नाही. तेव्हा दिनू लहान होता. काकीने त्याला देवीपुढे उभं करून, त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ वदवून घेतली की जन्मात होडीत पाय ठेवणार नाही. आता आमच्या वाड्यावरच्या पोराला दर्या बंद म्हणजे काय उरलं? मोठा झाल्यावर त्याने चार ठिकाणी खटपट केली आणि वनखात्यात लागला. नेमणूक मिळाली आंबोलीच्या राखीव रानात. काकीने पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी कुंपणाशी येऊन मला विचारलं, की त्या रानात माणसाला खातील अशी जनावरं किती.

मी मेलीने तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरकीची खोड, सगळं खरं सांगून बसले. गवे आहेत, साप आहेत, पावसात पायाला जळवा लागतात, धुकं असं पडतं की हातभर लांबचं दिसत नाही. काकीचा चेहरा उतरला. म्हणाली, आपण जाऊन बघून येऊया. बरं नसलं तर त्याला घेऊनच यायचं. असा तो बेत ठरला आणि दोन वर्षं ठरतच राहिला.

होळी झाली की जाऊ म्हणायची, तर तेव्हा मासळीचे दिवस. मोकळी व्हायची ती पावसात, होड्या किनाऱ्यावर ओढल्या की. आणि पावसात आंबोलीचा घाट म्हणजे दरडी. तरी तिची तयारी कायम. पिशवीत जळवांसाठी मीठ आणि तंबाखू, भुताखेतांसाठी लोखंडी खिळा, गव्यासाठी काय घ्यायचं ते तिला कोणी नीट सांगेना म्हणून एक जुनी छत्री. देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावायची. पाकळी डावीकडून पडली की बेत रद्द. उजवीकडून पडली तर पहाटे उठून समुद्र बघून यायची. लाटा उठलेल्या असल्या की म्हणायची, आज रानात वादळ असणार. मी डोकं आपटून सांगायचे, अगो काकी, आंबोली डोंगरावर, तिथे समुद्राचा काय संबंध? ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची. "वारो सगळ्यांक एकच आसता गो बाय," म्हणायची, आणि पिशवी परत खुंटीला. मी कितीदा रजेचा अर्ज लिहिला आणि फाडला! एकदा तर चिडून सांगितलं, की तुझ्या त्या पाकळीलाच पाठव आंबोलीला. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

मग एका आषाढात दरडीने काही दिवस गाड्या बंद राहिल्या, आणि सुरू झाल्या तेव्हा डबा भरलेला परत आला.

ड्रायव्हरने तो तिच्या हातात दिला. तिने हलवला तर जड. उघडला तर खाडीतल्या मासळीचं कालवण तसंच, वर बुरशी, वास सुटलेला. चहावाल्याचा निरोप होता, की दिनू आलाच नाही बरेच दिवस, कुठे आहे माहीत नाही. काकीने रस्त्यातच फतकल मारली. रडली नाही. तिचे ओठ तेवढे हलत होते, देवीला कसलं गाऱ्हाणं घालत होती कोण जाणे. मग उठली आणि म्हणाली, चल. कौल नाही, समुद्र बघणं नाही. खुंटीवरची ती पिशवीसुद्धा घरीच राहिली.

सावंतवाडी मागे पडली. दाणोलीच्या पुढे घाट लागला, पावसाने काचा पांढऱ्या झाल्या, आणि तिने माझं मनगट धरलं ते वर पोचेपर्यंत सोडलं नाही.   प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, आता वर कोणीतरी पुढे येऊन नको ते सांगणार.

वनखात्याच्या चौकीत एक म्हातारा पहारेकरी होता. त्याने सांगितलं, की शिकारी शिरल्याची खबर होती, म्हणून माणसं आत रानात मुक्कामाला गेली आहेत. दिनूही गेलाय. आज यायला हवेत. हवेत म्हणजे काय, येतील की नाही, ते त्याला सांगता येईना. आम्ही ओसरीवर बसलो. समोर झाडं होती म्हणे. दिसत काहीच नव्हतं, नुसतं पाणी टपटपताना ऐकू येत होतं. काकी माझ्याकडे वळली. म्हणाली, नवऱ्याची वाट बघत ती अशीच वाळूत बसली होती.

दिवे लागायच्या सुमारास धुक्यातून माणसं आली. चौथा दिनू. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय जळवांनी रक्ताळलेले, आणि आईला बघून जागच्या जागी थिजलेला. काकीने आधी त्याच्या पाठीत एक सणसणीत रट्टा घातला. मग चौकीतलं मीठ मागून घेतलं आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन एकेक जळू काढायला बसली. काढता काढता म्हणाली, "चल घराक. आत्ताच्या आत्ता."

दिनू सरळ पोरगा. म्हणाला, "येतंय आये. पण घराक येवन करू काय? होडयेत तू माका चडाक देणंस नाय."

काकीचा हात थांबला. दोन वर्षं आम्ही येण्याचाच बेत करत होतो. त्याला परत नेऊन ठेवायचा कुठे, हे ना तिला सुचलं होतं ना मला. खाली दर्या, वर हे रान.  मला तिची इतकी दया आली की मी उठून बाहेर पावसात जाऊन उभी राहिले. आत आले तेव्हा ती शेवटची जळू काढत होती. "हयच रव," ती म्हणाली. "जळवो तरी मिठान सुटतत."

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. परत आंबोलीचा बेत काढला नाही तिने. डबा मात्र रोज जायचा, आणि पावसाळ्यात रोज मला कुंपणावरून विचारणं, घाट चालू आहे ना. रेडिओवर दरडीची बातमी लागली की ती जेवायची नाही. दिनू सुट्टीवर यायचा तेव्हा तो घरात शिरेपर्यंत दारात उभी, आणि शिरला की लगेच परतीच्या घाटाची काळजी सुरू. आईचं असंच असतं म्हणायची, "आवशीचा काळीज रिकामा रवना नाय." तोवर हाताहातांत मोबाइल आले. दिनूने घेऊन दिलेला तिला लावता येत नव्हता, म्हणून तो माझ्याच घरी असायचा.

असाच पाऊस लागलेला असताना ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मी तिला विचारलं, दिनूला फोन करू? तिने मान हलवली. "नको गो. घाटात दरडी येतत. पाऊस उघडांदे, मगे सांग." मी कसली ऐकते! ओसरीवर जाऊन फोन केला. परत आले, तर तिने माझ्या तोंडावरूनच ओळखलं.

"सांगलंस तू तेका," ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिने डोळे मिटले नाहीत. सकाळपासून श्वास लागलेला, डॉक्टरांनी आशा सोडलेली, आणि ही बाई आढ्याकडे टक लावून पडलेली. मध्येच बोटाने मला खुणवायची. कळलं का काही? मी नाही म्हणायचे. पुन्हा आढं. मी पाणी पाजलं, पाठ चोळली, देवीचा अंगारा लावला. तिला त्यातलं काही नको होतं.

दुपारनंतर फोन वाजला. दिनू सावंतवाडीला पोचला होता, कुडाळवरून मालवणला येणारी गाडी बघत होता. मी तिच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, "काकी, घाट उतरला गो दिनू. खाली आला, सावंतवाडीत आहे."

"मगे बरा," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

दिनू घरी पोचला तेव्हा ती गेलेली होती. भिजलेल्या कपड्यांनिशी तो तिच्या उशाशी बसला आणि मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, की ती थोडी थांबली का नाही, दोन तासांचा तर प्रश्न होता. मी त्याला सांगितलं, बाबा, ती थांबली होती. तू घाट उतरेपर्यंत थांबली होती.