एकाच लादीत आवाज लवकर पोचला

मे १९९७, मंगळवार, सकाळी साडेदहा. जागा – जालन्यातला एक बर्फाचा कारखाना. तिथे मी तेव्हा एकोणीस वर्षं हिशेब लिहीत होतो. हजर चौघं : मी, माझी भावजय सुनंदा, माझ्या धाकट्या भावाचे सहकारी देशपांडे, आणि लाद्या काढणारे गफूरभाई. आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आकडे आहेत, तेवढे देतो.

धाकटा भाऊ दिलीप दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर काम करायचा. बर्फाला एका टोकाने आवाजाचा ठोका द्यायचा, दुसऱ्या टोकाला तो किती वेळात पोचतो ते मोजायचं, आणि त्यावरून आतले स्फटिक कसे बसलेत ते ओळखायचं. तो म्हणायचा, "दादा, तुमच्या लादीतले स्फटिक म्हणजे आठवडी बाजार, ज्याचं त्याचं तोंड वेगळीकडं. तिकडं खोल बर्फात हजारो वर्षांच्या वजनानं सगळे एकाच दिशेला, शाळेच्या प्रार्थनेसारखे. त्यातून आवाज लवकर जातो."

तुलनेला साधा बर्फ हवा, म्हणून दर मे महिन्यात सुट्टीवर आला की तो आमच्याकडे मापं घ्यायचा. लादी एकशे वीस सेंटिमीटर. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला सेन्सर धरून त्याची बायको सुनंदा, वही माझ्याकडे. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले ३०९ ते ३१४ लागायचे. चार वर्षांत आकडा याबाहेर कधी गेला नाही.

त्या जानेवारीत दिलीप बर्फाच्या भेगेत पडला. देह मिळाला नाही. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. सुनंदा चार महिने ते करू देत नव्हती. "कुणी पाह्यलंय त्यांना? भेगेतून माणसं निघत न्हाईत का?" आई मला रोज विचारायची, त्याचं कधी करणार?

देशपांडे आवाज मोजायचं ते मशीन घेऊन आले. दिलीपचा अर्धा राहिलेला लेख पुरा करायला त्या वर्षाचं माप हवं होतं. सुनंदा न बोलावता आमच्याबरोबर निघाली. "दुसरं टोक मीच धरते," एवढंच म्हणाली.

गफूरभाईंनी लादी काढली, लोखंडी आकड्याने ठोकून पाहिली. "भरीव हाय, भाऊ. बराबर."

देशपांड्यांनी ठोका दिला. २९७.

मी वहीत लिहिलं नाही. पुन्हा – २९७. सेन्सर आणि बर्फाच्या मधलं ग्रीस पुसून नवं लावलं. टेपने लांबी परत मोजली, एकशे वीस. २९७.

"मशीनला गर्मी झाली असंल," गफूरभाई म्हणाले. "आमाला बी होती, पण आमी काय जल्दी पळत न्हाई."

दुसरी लादी घेतली, त्याच हौदातली, त्याच पाण्याची. ३१२. तिसरी, ३११. पहिली परत – २९७.

देशपांडे खाली बसले. "असा आकडा मी फक्त तिकडं पाहिलाय. फार खोलवरच्या बर्फात. बोअरच्या पाण्याचा असा बर्फ होत नाही, दादा."

सुनंदाने सेन्सर सोडला नव्हता. बोटं लाल झाली होती. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"लई खाली गेलेत मंग," ती म्हणाली. लाल बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "दादा, पळसाची पानं कुठून आणायची?"

मला रडू आलं नाही. "भोकरदनकडं मिळतील. तीनशे साठ लागतात," मी म्हणालो. आकडाच तोंडात आला.

शुक्रवारी विधी झाला. मशीन तपासून आलं, दोष निघाला नाही. छापलेल्या लेखात त्या लादीपुढे देशपांड्यांनी नुसती आडवी रेघ दिली आहे. मी विचारलं तर म्हणाले, "काय लिहू, तुम्हीच सांगा."

ती लादी आम्ही विकली नाही. गफूरभाईंनी ती मागच्या अंगणात ठेवली. दुसऱ्या दिवशी तिचं पाणी झालं – इतर लाद्यांना लागतो तेवढाच वेळ लागला. मी बघायला दोनदा गेलो होतो.